आठवण मोठी की चपळ?

आत्मा अमर आहे की नाही, देव सगुण की निर्गुण, आधी कोंबडी की आधी अंडं, हे प्रश्न मोठे आहेत हे मला मान्य आहे. पण त्यांची एक सोय असते. त्यांचं उत्तर आजच्या आज द्यावं लागत नाही आणि उत्तर चुकलं तरी पदरचे पैसे जात नाहीत. माणूस जेवून, पान खाऊन, आरामखुर्चीत पडून ते सोडवू शकतो. मध्येच डोळा लागला तरी प्रश्न बिचारा उशाशी बसून राहतो. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी माझ्यापुढे जो तात्त्विक प्रश्न उभा राहिला तो मात्र असा घरंदाज नव्हता. तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका चिंचोळ्या गाळ्यात उभा राहिला. मीही उभाच होतो आणि माझ्यामागे आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती.

"बोला साहेब, जागा पाहिजे की स्पीड?" गाळ्यातल्या पोरानं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला खरं म्हणजे हे कळायला हवं होतं. ज्याला मुदत ठेवीचं व्याज हवं त्यानं दर आठवड्याला पैसे काढायला येऊ नये, हे मी रोज दहा जणांना समजावून सांगतो. पण काउंटरच्या पलीकडे गेलं की आपणही गिऱ्हाईकच होतो.

"दोन्ही पण मिळतं," पोरगा म्हणाला आणि त्यानं एक आकडा सांगितला. तो ऐकून मी निमूटपणे पहिल्या प्रश्नाकडे परत आलो.

झालं होतं असं, की आमच्या घरातला लॅपटॉप हा २०१४ सालचा. संगणकाच्या हिशेबानं तो आता आजोबा झालेला. सकाळी त्याचं बटण दाबून मी दाढी करतो, अंघोळ करतो, चहा घेतो, आणि येऊन बघतो तो तो नुकताच डोळे किलकिले करत असतो. "बाबा, हा उठेपर्यंत माझी परीक्षा होऊन जाते," असं चिरंजीव म्हणतात. चिरंजीवांच्या निकालावर याचा काही वाईट परिणाम झालेला नाही, तो आधीपासूनच तसा आहे. पण घरातला कोणीतरी दोषी ठरवायचा तर जो उत्तर देत नाही तो बरा, म्हणून सर्वानुमते लॅपटॉप दोषी ठरला. त्याचं पोट उघडून जुनी हार्ड डिस्क काढायची आणि नवं काहीतरी बसवायचं असा ठराव झाला.

आता हे 'काहीतरी' दोन जातींचं असतं. एक हार्ड डिस्क. तिच्या पोटात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी गुळगुळीत चकती असते आणि ती फिरते. माझी चकती मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला हे वाऱ्यासारखं वाटतं. पण बी.कॉम. झालेला माणूस भागाकार केल्याशिवाय राहत नाही. आपल्याला हवी ती नोंद चकतीवर जिथे असेल तिथे आधी वाचणारी दांडी सरकायला हवी, आणि मग ती नोंद फिरत फिरत दांडीखाली यायला हवी. सरासरी अर्धी फेरी तरी वाट बघणं आलं. सरकणं आणि वाट बघणं मिळून सेकंदाचा साठावा हिस्सा जातो. एका नोंदीला हे काहीच नाही, पण लॅपटॉपला उठण्यासाठी अशा हजारो नोंदी लागतात आणि त्या चकतीभर विखुरलेल्या असतात. ७२०० फेऱ्यांची जरा चपळ बहीणही मिळायची. ती वाट थोडी कमी बघायला लावते, इतकंच.

दुसरी जात एसएसडी. तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नाही. नुसत्या चिपा. मागितलं की दिलं. तिला जे काम करायला एक मिनिट लागेल त्याच कामाला चकतीला अडीच-पावणेतीन तास लागतील, असं प्रमाण साधारण पडतं. पण तेवढ्याच पैशांत तिची जागा चकतीच्या मानानं पुष्कळच कमी. म्हणजे एकीकडे दहा खोल्यांचा वाडा आणि त्यात हाक मारली की अर्ध्या तासानं ओ देणारं माणूस, दुसरीकडे डोंबिवलीतली एक खोली आणि हाकेसरशी पुढ्यात चहा. निवडा.

या शास्त्राची सुरुवात मोठी थाटाची होती. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. आमचे चिरंजीव खाण्याआधी वडापावचा जो फोटो काढतात, तो एकच त्या यंत्रात कसाबसा मावला असता. तेव्हापासून जागाही वाढली आणि वेगही वाढला. पण 'हे घेतलंस तर ते सोड' हे काही सुटलं नाही.

गाळ्यात उभा असताना मला आमच्या शाखेतले मामा आठवले.

मी नोकरीला लागलो त्या वेळी मामा दफ्तर सांभाळत. आमच्या शाखेत मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती. तिच्यात लेजरं, व्हाउचरांचे गठ्ठे, सह्यांची कार्डं आणि मामा असा सगळा जुना ऐवज ठेवलेला असे. बँकांनी कोणते कागद किती वर्षं जपायचे याचे १९८५ सालचे नियम आहेत. काहींना पाच वर्षं, काहींना आठ. मामांना हे नियम ठाऊक होते, पटले मात्र नव्हते. "कागद काय खायला मागतो का?" असं ते विचारत. त्यामुळे त्या खोलीत सगळं होतं, आणि जे नव्हतं ते मामांच्या डोक्यात होतं. फक्त ते बाहेर यायला वेळ लागे. तुम्ही एक कार्ड मागितलंत की मामा त्या कार्डाच्या आजोबांपासून सुरुवात करत.

एकदा एक गृहस्थ आले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, शेवटचा दिवस, डिमांड ड्राफ्ट हवा. खातं बरीच वर्षं न हललेलं, म्हणून सहीचं कार्ड काढायला मामा आत गेले. कार्ड सापडलं, पण त्याच्याशेजारी त्या गृहस्थांच्या वडिलांच्या खात्याचं कार्डही सापडलं, आणि मामा हरखले. वडील कसे पहिल्या तारखेला कडक इस्त्रीत यायचे, सही करताना जीभ कशी दाताखाली धरायचे, हे सगळं साग्रसंगीत सांगत ते बाहेर आले तेव्हा ड्राफ्टची वेळ उलटून गेली होती. साहेब जेवायला बाहेर गेले होते. गृहस्थ ओरडले नाहीत. "तुमच्याकडे सगळं आहे हो," ते म्हणाले, "फक्त वेळेवर नाही." आणि गेले. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, आपण मामा व्हायचं नाही.

आणि झालो नाही. आमच्या शाखेतली दोन नंबरची खिडकी ही आज सबंध विभागात सर्वांत चपळ खिडकी आहे. मी चाळीस सेकंदांत पासबुक भरून देतो. माझ्यापुढे रांग साचत नाही. समोरच्या माणसाचं मी नाव वाचतो, आकडा वाचतो, काम करतो आणि पुसून टाकतो. पुढचा. एकदा याबद्दल मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. श्रीफळाची चटणी झाली. घड्याळ मागे पडतं.

माझ्या या खिडकीवर एक आजी यायच्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आणि एरवी दर पंधरवड्याला पासबुक भरायला. त्या बोलत. प्रिंटर कर्रकर्र करत असे आणि त्या बोलत असत. मी मान हलवत असे. ती मान प्रिंटरच्या तालावर हलत होती हे फक्त मला माहीत होतं. मग एके दिवशी त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी आली. तिच्या हातात पासबुक होतं आणि वारसाच्या दाव्याचा फॉर्म.

"तुम्हीच ना ते?" ती म्हणाली. "आई सांगायची, दोन नंबरच्या खिडकीवरचा मुलगा फार गुणी आहे, माझं सगळं ऐकून घेतो. शेवटी आली होती तेव्हा काही बोलली का हो तुमच्याशी?"

मला त्या खात्याचा नंबर आठवत होता. शेवटची शिल्लक पैशांसकट आठवत होती. आजींचा एक शब्द आठवत नव्हता.

"तुमच्याबद्दलच बोलत होत्या," मी म्हणालो. तिचे डोळे भरून आले. हे बहुधा खरंही असेल. पण बँकेत 'बहुधा' या नोंदीवर कोणी सही करत नाही. मी मात्र त्या दिवशी केली.

इथे माझ्या कॉमर्सच्या पदवीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान वर केली. जमाखर्चाचा पहिला धडा असा आहे, की कोणाच्या तरी नावे पडल्याशिवाय कोणाच्या खात्यात काही जमा होत नाही. मामांनी आयुष्यभर जे साठवलं ते एके दिवशी मुलीच्या फीसाठी ताटकळलेल्या त्या बापाच्या नावे पडलं. मी आयुष्यभर जो वेळ वाचवला तो त्या आजींच्या नावे पडला. आपण दुकानात उभे राहून 'मला काय परवडेल' एवढाच विचार करतो. आपल्या सवयीचं बिल दुसऱ्याच कोणाकडे जातं, हे आपल्याला कधी दिसतच नाही, कारण तो माणूस बिल घेऊन आपल्या खिडकीवर येत नाही. आणि चुकून आलाच तर आपण त्याला चाळीस सेकंदांत वाटेला लावतो.

"साहेब, ठरलं का?" पोरानं विचारलं. मागची चार गिऱ्हाइकं आता सात झाली होती. माझ्या तत्त्वचिंतनाचं बिल त्या सात जणांच्या नावे पडत होतं. मी घाईघाईनं २५६ जीबीची एसएसडी घेतली.

घरी आल्यावर नवाच पेच पडला. २५६ म्हणून घेतलेली वस्तू लॅपटॉपमध्ये २३८ दाखवायला लागली. बँकेतल्या माणसाला अठराचा फरक म्हणजे झोप उडवणारी गोष्ट. चौकशीअंती कळलं की कारखानदार हजाराच्या हिशेबानं मोजतो आणि संगणक १०२४ च्या. चोरी कोणाचीच नाही, नुसती मापं वेगळी. शिवाय एसएसडी गच्च भरली की तीही मंदावते, म्हणून थोडी जागा मोकळी ठेवायची. थोडक्यात, दोनशे जीबीची व्यवस्था. आणि जुन्या चकतीवर ऐवज तीनशे दहा! एकशे दहा जीबीला घराबाहेर काढणं आलं.

कुटुंबाची सभा भरली. सौभाग्यवतींनी चिरंजीवांच्या क्रिकेटच्या चित्रफिती सुचवल्या. चिरंजीवांनी मातोश्रींच्या भिशीच्या सहलीचे साडेचारशे फोटो सुचवले. मी माझी शालश्रीफळाची चित्रफीत सुचवेन अशी दोघांचीही अपेक्षा होती, पण मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग एक 'व्हिडिओ ००३७' नावाचा ऐवज निघाला. अकरा मिनिटांचा. उघडून बघितला तर अण्णा. आमचे वडील. २०१६ सालची दिवाळी. गावाकडच्या घराचं मागचं दार कसं लावायचं ते दाखवतायत. निदान बेत तसा होता. प्रत्यक्षात अकरांपैकी नऊ मिनिटं ते मला झापतायत. फोन आडवा धर, उभा काय धरतोस, प्रकाशाकडे पाठ कर, बँकेत ठेवतात कसे तुला. शेवटी दार लागतच नाही.

"हे काढू या," मी म्हणालो. "घर तर आपण विकलं. दार कशाला हवंय?"

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. "ते नको रे काढूस," ती म्हणाली. "त्यात ह्यांचं ओरडणं आहे."

सभा तहकूब झाली.

रात्री मला एक गोष्ट कळली आणि मी जरा हादरलो. हार्ड डिस्क एखादी गोष्ट पुसते तेव्हा ती फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडते. मजकूर तिथेच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आमच्या घरात एकमेकांचे अपराध याच पद्धतीनं पोटात घातले जातात. पण एसएसडीला पुसायला सांगितलं की ती फावल्या वेळात ती जागा आपणहून खरोखरच धुऊन टाकते. मग पुन्हा मिळणं कठीण. म्हणजे जी पटकन देते ती विसरतेही पक्की. दोन नंबरच्या खिडकीची मला फार आठवण झाली.

"अहो, मग क्लाउडमध्ये ठेवा ना," सौभाग्यवती म्हणाल्या. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी वाड्यातली चकतीच. आणि ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही त्या कंपन्यासुद्धा रोज लागणारा ऐवज महागड्या चपळ जागेत ठेवतात आणि क्वचित लागणारा स्वस्त, संथ जागेत. अगदी जुनं तर अजूनही फितीवर गुंडाळून ठेवतात. आमच्या धंद्यातही दुसरं काय होतं? दहा वर्षं कोणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ सालापासून तसा निधी आहे. ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस आला तर ती मिळते. उशिरा मिळते, चार फॉर्म भरून मिळते, पण मिळते. विसरणं आणि उशिरा आठवणं या दोन गोष्टींमध्ये रिझर्व्ह बँकेनं जो फरक केला, तो मला माझ्या खिडकीवर करता आला नव्हता.

पुढच्या रविवारी मी परत गाळ्यात गेलो. पोरानं माझी जुनी चकती एका डबीत बसवून दिली. वायर लावली की ती बाहेरून चालते. "पण हिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका," तो म्हणाला. "फिरणारी वस्तू एक दिवस थांबते, साहेब." हे वाक्य एखाद्या कीर्तनात शोभलं असतं. त्यानं लगेच दुसरी चकती विकायला काढली. मीही ती घेतली. वैराग्याचा उपदेश करून वर धंदा करणारा तो काही पहिला नव्हे.

तेव्हा आता लॅपटॉप चुटकीसरशी उठतो, चिरंजीवांना नवीन सबब शोधावी लागते, आणि रविवारी दुपारी डबी जोडून आई अण्णांचं ओरडणं ऐकते. डबीतली चकती आधी घर्रर्र करते, फेऱ्यांना लागते, आणि मग अण्णा 'फोन आडवा धर' म्हणतात. तेवढी घरघर ऐकत आई थांबते. तिला घाई नसते.

माणसाला मात्र अशी बाहेरची डबी जोडता येत नाही. जी काय जागा आणि जो काय वेग, तो एकाच टाळूखाली भागवावा लागतो. मी ठरवलंय की हात चपळ ठेवायचे आणि कान संथ. खिडकीवर आता चाळीसाचे पन्नास सेकंद होतात. त्या दहा सेकंदांचं बिल रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या नावे पडतं, हे मला कळतं. त्याची मनोमन क्षमा मागून मी प्रिंटर थांबल्यावरही एखादं वाक्य ऐकून घेतो. परवा एका काकांनी गुडघ्यांबद्दल सांगितलं. गुडघे त्यांचे, डावा जास्त दुखतो. बघा, आठवतंय.

काल संध्याकाळी मला घरपट्टीची मागच्या वर्षीची पावती हवी होती. "आई, पावती कुठे ठेवलीस?" मी विचारलं. आईची चकती ५४०० ची. ती म्हणाली, "अरे, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तो लाल मिलो यायचा ना..."

एरवी मी 'राहू दे, मी बघतो' म्हणून उठलो असतो. काल मी खुर्ची ओढून बसलो. मिलोच्या लाल भाकऱ्या झाल्या, त्या न खाणारी आत्या झाली, आत्याची पत्र्याची पेटी झाली, पेटीत कागद जपायची अण्णांची सवय झाली, आणि पाऊण तासानं आई थांबली.

"मग पावती?" मी विचारलं.

"ती होय? ती तूच नाही का बँकेत घेऊन गेलास?"

पावती माझ्याच खणात होती. मीच ठेवली होती, आणि मीच पुसून टाकली होती.